मिकाते तळणाऱ्या बाईचा मुलगा : 'फ्रांकोफोनिक'चे दोन्ही भाग ऐकून

लंडनला असलेल्या भाच्याने दिवाळीत येताना माझ्यासाठी दोन संच आणले. नाव 'फ्रांकोफोनिक'. पहिला भाग २००८ सालचा, दुसरा २००९ सालचा, दोन्ही स्टर्न्स या कंपनीने काढलेले. प्रत्येकात दोन सीडी आणि एक पुस्तिका. पहिल्या भागात १९५३ ते १९८०, दुसऱ्यात १९८० ते १९८९. म्हणजे काँगोच्या फ्रांको लुआंबो माकिआदी या माणसाचं छत्तीस वर्षांचं गाणं चार चकत्यांत मावलंय. मावलंय म्हणजे निवडून घेतलंय. त्याच्या नावावर हजारभर गाणी सांगतात, ती चार सीडींत कुठली मावायला!

महिनाभर आमच्या सांगलीच्या घरात सकाळी पोळ्या होईपर्यंत दुसरं काही वाजलेलं नाही. आता लिहायला बसले आहे ते एवढ्यासाठी की मराठीत या माणसाबद्दल वाचायला मिळत नाही. आणि जे इंग्रजीत मिळतं, त्यात सगळे त्याच्या गिटारबद्दल बोलतात. गिटार आहेच. पण मला फ्रांको कळला तो गिटारमुळे नाही, एका तळणीमुळे.

आम्ही २०११ ते २०१५ काँगोच्या राजधानीत, किन्शासात होतो. यजमान एका औषधांच्या व्यापाऱ्याकडे गोदामाचा हिशोब बघायचे. किन्शासात भारतीय माणसं बरीच, गुजराती जास्त, मराठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पहिलं वर्ष मी घरात बसून काढलं. दुसऱ्या वर्षी गल्लीच्या तोंडाशी मिकाते तळणाऱ्या बाईशी ओळख झाली. तिथे वयाने मोठ्या बाईला 'मामा' म्हणतात आणि मोठ्या पुरुषाला 'पापा'. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, त्यामुळे तिला मामा म्हणून हाक मारताना सुरुवातीला माझी जीभ अडखळायची.

मिकाते म्हणजे काय ते सांगते, कारण पुढे लागणार आहे. मैदा, साखर, यीस्ट घालून सैलसर पीठ भिजवायचं, ते फुगू द्यायचं. मग मूठभर पीठ हातात घेऊन मूठ आवळायची, की अंगठा आणि तर्जनीच्या मधून पिठाचा गोळा वर येतो. तो कढईत सोडायचा. आपले गुलगुले करताना आजी सोडायची तसाच. ती मामा एका हाताने गोळे सोडायची, दुसऱ्या हाताने झाऱ्याने उलटायची, आणि तोंडाने गिऱ्हाइकांशी अखंड बोलायची. कोणाचा नवरा परत आला, कोणाच्या सुनेने सासूला घराबाहेर काढलं, कोण कोणाकडून पैसे घेऊन बसलंय. तिच्या पायाशी एक सेलवरचा रेडिओ असायचा आणि त्यावर बहुतेक वेळा जुनी गाणी. एकदा एका गाण्यात एक जाड आवाजाचा माणूस गाण्याऐवजी नुसता बोलायलाच लागला. आजूबाजूच्या बाया हसल्या, एकीने त्याला उलट उत्तर दिलं, जणू तो समोर उभा आहे. मी विचारलं, हा कोण? मामाने माझ्याकडे असं बघितलं की सांगलीत कोणी विचारावं, विठ्ठल कोण?

"फ्रांको," ती म्हणाली. "याची आईपण मिकातेच विकायची."

हे खरं आहे. फ्रांकोचा जन्म ६ जुलै १९३८ चा, सोना-बाताचा. किन्शासाहून माताडी बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं हे गाव. वडील रेल्वेत होते आणि ते लवकर गेले. आईने किन्शासातल्या न्गिरी-न्गिरीच्या बाजारात घरी केलेले पदार्थ विकून मुलं वाढवली. तेव्हा किन्शासाचं नाव लिओपोल्डव्हिल, राज्य बेल्जियमचं. पोरगं आईच्या टोपलीशेजारी बसून बाजा वाजवायचं, डब्याला तारा बांधून केलेली गिटार वाजवायचं, गिऱ्हाईक थांबवायचं. त्याला गिटार शिकवली शेजारच्या देवायोनने. शाळा अशी फार झालीच नाही. त्याची शाळा म्हणजे तो बाजार. पुढे त्याने जी गाणी केली ती बघता मला यात शंका वाटत नाही.

पहिली सीडी लावली की हा पोरगा भेटतो. १९५३ साली, पंधरा वर्षांचा असताना, तो 'लोनिंगिसा' नावाच्या स्टुडिओत लागला. मालक ग्रीक व्यापारी, पापादिमित्रिऊ. त्या वेळी लिओपोल्डव्हिलचे बरेचसे स्टुडिओ ग्रीकांचेच होते. कापड, किराणा विकता विकता त्यांच्या लक्षात आलं की ग्रामोफोनच्या तबकड्याही खपतात. त्या वर्षी फ्रांकोच्या स्वतःच्या नावावर निघालेलं गाणं 'बोलिंगो ना न्गाई ना बेआत्रीस', म्हणजे 'बेआत्रीसवरचं माझं प्रेम'. आवाज अजून पुरता फुटलेला नाही, तबकडीची खरखर आहे, पण गिटारचा हात आधीच पक्का. मी हे गाणं पहिल्या दिवशी पाच वेळा लावलं. पंधरा वर्षांच्या मुलाला एवढा धीर कुठून येतो?

मग 'ओके जाझ'. ६ जून १९५६ ला 'ओके बार'मध्ये या ताफ्याने पहिल्यांदा वाजवलं. बारच्या मालकाचं नाव ऑस्कर काशामा, त्याची आद्याक्षरं ओ आणि के. फ्रांकोला अठरा पूर्ण व्हायला अजून एक महिना होता. त्याच वर्षी ताफ्याचं बोधवाक्य झालेलं गाणं आलं, 'ऑन ऑन्त्र ओके, ऑन सोर्त काओ' : आत येताना ओके, बाहेर पडताना नॉकआउट. पुढे मुष्टियुद्धाशी या माणसाचा खराच संबंध आला. १९७४ च्या ऑक्टोबरात किन्शासात अली आणि फोरमनची लढत झाली, तिच्या निमित्ताने सप्टेंबरात तीन दिवसांचा संगीत महोत्सव भरला. अमेरिकेचे मोठमोठे गवई आले होते आणि घरचा यजमान म्हणून फ्रांकोचा ताफा मंचावर होता.

या पहिल्या सीडीतली गाणी लहान आहेत, तीन-तीन मिनिटांची, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तेवढंच मावायचं. वळण क्युबाचं आहे. क्युबन तबकड्या तीसच्या दशकापासून काँगोत यायच्या, लोक त्यावर नाचायचे, आणि मूळ आफ्रिकेतूनच तिकडे गेलेला ठेका ऐकून त्यांना तो ओळखीचा वाटायचा. सुरुवातीच्या गाण्यांत अधूनमधून स्पॅनिश शब्दही येतात. ते कोणाला कळत नव्हते, नाद मात्र आवडायचा. मला विचाराल तर ही सीडी अभ्यासाची आहे. गोड आहे, पण फ्रांको अजून स्वतःच्या घरात शिरलेला नाही. तो शिरतो साठच्या दशकात, लिंगाला आणि किकोंगो भाषेत बाजारातल्यासारखं बोलायला लागतो तेव्हा.

गिटारबद्दल मी थोडंच लिहिते, कारण मी वादक नाही. काँगोच्या गाण्याचे साधारण दोन भाग असतात. आधी संथ रुम्बा. त्यात गायक गातात, गोष्ट सांगतात. मग एका क्षणी गाणं वळतं, गायक मागे सरतात आणि गिटारी पुढे येतात. या दुसऱ्या भागाला 'सेबेन' म्हणतात. लोक खुर्च्या मागे ढकलून उठतात ते तेव्हा. फ्रांको अंगठा आणि तर्जनी यांनी तारा छेडायचा, एका वेळी दोन सूर. एक छोटासा तुकडा घेऊन तो पुन्हा पुन्हा वाजवायचा. दहा वेळा, वीस वेळा. त्याच्या काळातले दुसरे मोठे गिटारवादक, डॉक्टर निको, यांचा हात नाजूक आणि सुरेल. फ्रांकोचा खडबडीत. आमच्याकडे भजनात एकच ओळ घेऊन टाळकरी तासभर फिरतात, सुरुवातीला कंटाळा येतो आणि मग कधी आपण डुलायला लागलो ते कळत नाही. सेबेनचं तसं आहे. मी मान डावी-उजवी करत कणीक मळते, एवढं मला पुरतं.

आणि हो, तो अंगठा आणि ती तर्जनी. मिकातेचा गोळा वर काढणारी तीच दोन बोटं. मामाला हे मी एकदा बोलून दाखवलं होतं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आता मुख्य गोष्ट. फ्रांको म्हणजे एक गवई नव्हे, तो ताफ्याचा म्होरक्या होता, आणि हे संच ऐकताना सगळ्यात जास्त तेच जाणवत राहतं. सुरुवातीला तो म्होरक्या नव्हताही. झाँ-सेर्झ एसू हा क्लॅरिनेट-सॅक्सोफोनवाला पुढे असायचा. काँगो नदीच्या एका काठाला किन्शासा, समोरच्या काठाला ब्राझाव्हिल, काँगो नावाच्याच दुसऱ्या देशाची राजधानी. एसू आणि आणखी काही जण त्या काठावरचे, ते परत गेले आणि १९५९ साली त्यांनी तिकडे 'बांतू' हा ताफा उभा केला. गायक विकी लोंगोंबा आला, गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. सॅक्सोफोनवाला व्हेर्किस साठच्या दशकात आला आणि १९६९ साली स्वतःचा संसार थाटायला बाहेर पडला. सॅम मांग्वाना १९७२ ला आला, तीनेक वर्षांत गेला. अशी नावं लिहीत बसले तर पान भरेल. प्रत्येक वेळी लोकांनी म्हटलं असणार की आता ओके जाझ संपलं. आणि प्रत्येक वेळी फ्रांकोने नवा आवाज शोधून आणला. पुढे ताफ्याच्या नावामागे 'सर्वशक्तिमान' असा अर्थ देणारे दोन शब्द लागले आणि तो 'टीपी ओके जाझ' झाला. ऐंशीच्या दशकात माणसं इतकी वाढली की एक तुकडी युरोपात आणि एक किन्शासात, एकाच नावाने वाजवायची.

असा माणूस सगळं स्वतःकडे ओढणारा असेल असं वाटतं. काही बाबतींत होताच. पण गाणं चांगलं असेल तर ते दुसऱ्याचं असलं तरी तो त्याला पूर्ण जागा द्यायचा. पहिल्या संचातलं 'माबेले' ऐका. १९७४ चं गाणं. माबेले म्हणजे माती, भूमी. शब्द आणि चाल लुतुंबा सिमारो यांची, ज्यांना तिकडे 'कवी' म्हणूनच ओळखतात. गातो सॅम मांग्वाना. माणूस मातीतून येतो, मातीत जातो, मधल्या काळात त्याने कशाचा माज करावा, असा त्याचा आशय. आपल्या संतांनी हे शेकडो वेळा सांगितलंय, त्यामुळे मला ते नवीन वाटायला नको होतं. पण मांग्वानाचा आवाज इतका हळू, इतका खालून येतो की मला गॅस बंद करून बसावं लागलं. फ्रांको इथे नुसता साथीला आहे, त्याची गिटार मधूनच एक शब्द बोलावा तशी बोलते. सिमारो १९६१ पासून त्याच्याबरोबर होते, फ्रांको गेल्यावर काही वर्षं त्यांनीच ताफा सांभाळला. २०१९ साली ते गेले. एवढा स्वाभिमानी कवी अठ्ठावीस वर्षं एका माणसाच्या हाताखाली राहतो, यावरून त्या माणसाची परीक्षा करावी असं मला वाटतं.

'किन्सिओना' याच संचात आहे. किकोंगो भाषेत किन्सिओना म्हणजे दुःख, शोक. फ्रांकोचा धाकटा भाऊ बावों मारी-मारी, तोही गिटारवादक, तोही तरुणांचा लाडका. १९७० साली मोटार अपघातात गेला. गावात नाही नाही ते बोललं गेलं. तिथे कोणी तरुण माणूस गेला की करणी कोणी केली हा प्रश्न आधी येतो, आणि इथे बोट खुद्द भावाकडे दाखवलं गेलं. फ्रांकोने काही काळ वाजवणं थांबवलं. नंतर हे गाणं आलं, आईच्या भाषेत, किकोंगोत. मला किकोंगो येत नाही. लिंगालाच मोडकीतोडकी येते. पण घरात माणूस गेल्यावर बाई जशी एकच वाक्य वेगवेगळ्या सुरात म्हणत राहते, तसं हे गाणं आहे. या गाण्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

आणि त्याच सीडीवर, त्याच माणसाचं, 'आझ्दा'! १९७३ चं हे गाणं म्हणजे चक्क मोटारीच्या दुकानाची जाहिरात. फोक्सवॅगन विकणारी ती कंपनी. कोरस काय, तर 'वे-वे, वे-वे, वे-वे'. म्हणजे व्हीडब्ल्यू, गाडीचं नाव. यात गाणं काय असणार, असं वाटेल. लावून बघा. पहिल्या मिनिटात शिंगं येतात, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ताफा, ती आली की खोलीचा उजेड वाढल्यासारखा होतो. मग 'वे-वे' म्हणणारे चार-पाच आवाज एकमेकांत असे गुंफलेले की त्या अक्षरांना अर्थ आहे हेच विसरायला होतं. सेबेनमध्ये तीन गिटारी तीन वेगवेगळ्या गोष्टी वाजवत असतात. एक ठेका धरते, एक फ्रांकोची, आणि मधली, जिला तिकडे 'मी-सोलो' म्हणतात, ती या दोघींच्या मधल्या फटी भरत राहते. हेडफोन लावून फक्त मधलीवर कान ठेवा. मी पाच दिवस प्रयत्न करून सहाव्या दिवशी ती वेगळी ऐकू शकले. जाहिरातीचे पैसे घेऊन त्याने देशातलं सर्वोत्तम गाणं केलं. पैसे घेतले म्हणून काम कमी केलं नाही.

बायकांची गाणी हा माझ्यासाठी या सगळ्याचा गाभा आहे. फ्रांकोने बाईच्या तोंडून असंख्य गाणी केली. गाणारे पुरुष, 'मी' म्हणणारी बाई. 'म्बांदा' हा शब्द तुम्हाला वारंवार ऐकू येईल. म्बांदा म्हणजे सवत. एका गाण्याचं नावच आहे, 'मी माझ्या नवऱ्याच्या आईची सवत झाले'. सासू सुनेकडे सून म्हणून बघत नाही, सवत म्हणून बघते, एवढी मोठी गोष्ट एका ओळीत! माझी आजी जात्यावर बसायची तेव्हाच्या तिच्या ओव्यांत सासू, नणंद, सवत यांचं जे काही असायचं, ते मला या गाण्यांत जसंच्या तसं भेटलं. फरक एवढा की आजीच्या ओव्या पहाटे घरातल्या घरात विरायच्या आणि इकडे तेच गाऱ्हाणं अख्ख्या आफ्रिकेत रेडिओवर वाजलं.

याची दुसरी बाजूही मला सांगायलाच हवी. बायकांवर तो तुटूनही पडायचा. पैशासाठी नवरे बदलणाऱ्या, साज करणाऱ्या, भांडणाऱ्या बाया त्याच्या गाण्यांत खूप आहेत आणि काही ठिकाणी तो इतका बोचतो की मी सीडी पुढे ढकलते. १९७८ साली 'हेलेन' आणि 'जॅकी' ही दोन गाणी इतकी अश्लील निघाली की त्याला तुरुंगात जावं लागलं. ती कोणी कौतुकाने सांगितली तर मला राग येतो. मी मामाला विचारलं होतं, एवढं बोलतो हा बायकांना, तरी तुम्हाला आवडतो? ती म्हणाली, "पुरुषांना काय कमी बोलतो?" ते खरं आहे. 'मारियो' ऐकलं की पटतं.

'मारियो' १९८५ चं, फ्रांकोचं सगळ्यात गाजलेलं गाणं. मारियो हा शिकलेला, पदव्या मिळवलेला तरुण. काम करत नाही. वयाने मोठ्या, पैसेवाल्या बाईच्या घरी राहतो, तिचं खातो, तिच्याच गाडीतून फिरतो आणि वर तिच्यावर हात उचलतो. ती सांगते, जा बाबा आता तुझ्या आईबापाकडे. फ्रांको इथे गातो कमी, बोलतो जास्त. आवाज खर्जातला, घाई नाही. कट्ट्यावर बसलेला वडीलधारा माणूस एखाद्या पोराची सगळ्यांसमोर हजेरी घेतो तसा. आणि त्याच्या बोलण्यावर ताफ्यातला गायक मादिलू सिस्टिम याचा तो करुण, वर चढणारा आवाज येतो. मादिलूला त्याने १९८३ मध्ये 'नॉन' या गाण्यात आपल्या बरोबरीने उभं केलं, त्यानंतर 'मामू', मग 'मारियो'. दोघांच्या आवाजात बाप-लेकाचं अंतर आहे. आजही किन्शासात कोणी पोरगा बायकोच्या जिवावर जगत असेल तर त्याला मारियो म्हणतात. मी स्वतः ऐकलंय, टॅक्सीत.

दुसऱ्या संचात हा ऐंशीच्या दशकाचा फ्रांको आहे. आता एलपीचा, म्हणजे मोठ्या तबकडीचा जमाना, गाणं अख्खी बाजू भरून चालायचं, दहा-पंधरा मिनिटं सहज. त्यामुळे सीडी दोन असल्या तरी गाणी मोजकी. ध्वनिमुद्रण स्वच्छ, शिंगं चकचकीत, ठेका थोडा यंत्रासारखा. पुष्कळ जाणकारांना सत्तरच्या दशकातला फ्रांको अधिक प्रिय आहे आणि आवाजाच्या बाबतीत मीही त्यांच्या बाजूची. पण गोष्ट सांगण्याच्या बाबतीत नाही. या लांब गाण्यांत भांडण पूर्ण होतं. तीन मिनिटांत नवराबायकोचं भांडण कधी संपलंय?

देशाचा हुकूमशहा मोबुतू, त्याचा विषय टाळून फ्रांकोवर लिहिता येत नाही. १९६६ च्या जूनमध्ये चार माजी मंत्र्यांना मोबुतूने हजारो लोकांसमोर फाशी दिली. त्यानंतर फ्रांकोने 'लुवुंबू न्दोकी' हे गाणं केलं. न्दोकी म्हणजे चेटक्या. जुन्या लोककथेच्या आडून कोणाकडे बोट आहे ते सगळ्यांना कळलं, गाण्यावर बंदी आली आणि फ्रांको काही काळ नदीपलीकडे जाऊन राहिला. हा तोच माणूस, ज्याने पुढे मोबुतूच्या 'ऑथान्तिसिते'च्या, म्हणजे अस्सल देशीपणाच्या मोहिमेसाठी गाणी केली, परकी नावं टाकून देशी नावं घ्या म्हटल्यावर स्वतःचं फ्रान्स्वा हे नाव टाकलं, आणि १९८४ साली 'आमचा उमेदवार मोबुतू' अशा नावाचं गाणं गायलं. १९८० साली सरकारने त्याला 'ग्रां मेत्र', महागुरू, ही पदवी दिली. मला हे खटकतं, फार खटकतं. 'शिंप्या, तुझी सुई मालकाने काढून घेतली तर शिवशील कशाने' असं विचारणारं 'तायर' लिहिणारा, सत्तेतल्या बड्या माणसाला बाजाराच्या भाषेत झोडपणारा हा माणूस, सर्वांत वरच्या माणसापुढे वाकला. मामाशी या विषयावर मी कधी बोलले नाही. तिच्या दोन्ही भावांनी तो काळ पाहिला होता आणि त्यांच्याबद्दल ती गप्पच असायची.

१९८७ चं 'आतान्स्यों ना सिदा', म्हणजे 'एड्सपासून सावध'. त्या वेळी आफ्रिकेतली बरीचशी सरकारं हा शब्द उच्चारायला तयार नव्हती. फ्रांकोने पाऊण तास नाही, पण पाव तास तरी नुसतं कळकळीने बजावलंय. विद्यार्थ्यांनो, आयांनो, बापांनो, डॉक्टरांनो, राज्यकर्त्यांनो, एकेकाला हाक मारून. अर्धं फ्रेंचमध्ये, कारण ते शेजारच्या देशांतही कळावं. गाणं म्हणून ते त्याचं सर्वोत्तम नाही. पण यजमानांच्या गोदामात त्याच रोगाच्या गोळ्यांची खोकी मी पाहिली होती, त्यामुळे मी ते बसून ऐकते, काम करत ऐकत नाही. दोन वर्षांनी, १२ ऑक्टोबर १९८९ ला, तो बेल्जियममध्ये नामूरच्या इस्पितळात गेला. एक्कावन्न वर्षांचा. देशात चार दिवसांचा दुखवटा झाला आणि रेडिओवर दुसरं काही लागलं नाही. मामा तेव्हा लग्नाची मुलगी होती. ती सांगायची, शव विमानतळावरून आणलं त्या दिवशी न्गिरी-न्गिरीत कोणी कढईच ठेवली नाही.

आता घ्यायचं की नाही. ही सगळी गाणी फोनवर फुकट सापडतात, मला माहीत आहे. पण तिथे तारखा चुकीच्या, नावं चुकीची, 'मारियो'च्या नावाखाली भलतंच. इथे कोणीतरी, केन ब्रॉन यांनी, वर्षानुवर्षं ऐकून निवड केली आहे आणि पुस्तिकेत प्रत्येक गाण्यामागची माणसं आणि प्रसंग लिहिले आहेत. मी पुस्तिका दोनदा वाचली, पेन्सिल घेऊन. फ्रांकोचं पहिलंच काही ऐकत असाल तर पहिल्या संचाची दुसरी सीडी आधी लावा. तिच्यानंतर दुसरा संच, आणि पहिली सीडी सर्वांत शेवटी. तोपर्यंत त्या पंधरा वर्षांच्या पोराबद्दल तुम्हाला माया वाटायला लागलेली असेल. एकच संच परवडणार असेल तर पहिला घ्या. आणि अर्थ सांगणारं कोणी ओळखीचं मिळालं तर त्याला सोडू नका. मला मामा मिळाली होती.

२०२१ च्या डिसेंबरात युनेस्कोने काँगोच्या रुम्बाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं, दोन्ही काठांचा मिळून. त्या दिवशी मी मामाला फोन लावला. लागला नाही. नंबर बदललाय बहुतेक.

या महिन्यात आई माझ्याकडे राहायला आली आहे, पंच्याऐंशीची आहे. एके दुपारी मी फोनवर फ्रांकोचं 'बारा हजार सहाशे पत्रं' लावलं होतं. बायकांनी त्याला पत्रं लिहून नणंदांची गाऱ्हाणी सांगितली, असा त्या गाण्याचा विषय. आई शेंगा सोलत होती. म्हणाली, काय सांगतोय गं हा? मी सांगितलं. तिने हातातली शेंग तशीच ठेवली.

"बारा हजार?" ती म्हणाली. "आणि सगळ्या नणंदेवर?"

मग जरा वेळाने, "मागं घे गं. पहिल्यापासून लाव."